मागे कोण होतं

मोर्न ग्री, डॉमिनिका
दि. १२ जानेवारी २०१४

ती. युफेमीताईस,
लेनॉक्सचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की तुझा भाऊ मोठा माणूस झाला आहे. हसू नकोस. परवा आपल्या गावच्या वाटाडे समितीच्या फळ्यावर कागद लागला. त्यात पहिलं नाव माझं, प्रमुख वाटाड्या म्हणून. आणि तळाला, सर्वांत मागे चालणारा म्हणून, आपले अँसेल्म पावें. तो कागद मी तीनदा जाऊन वाचला. तिसऱ्यांदा व्हर्नीसमावशीने पाहिलं आणि विचारलं की नाव उडून जाईल अशी भीती वाटते का रे तुला.

कॅनडाच्या त्या विद्यापीठाची मुलं शनिवारी येताहेत. चौदाजण, आणि त्यांना शिकवणाऱ्या हॉलवर्थबाई. दर वर्षीसारखंच. दोन आठवडे गावात घरोघरी राहायचं, ओढ्याचं पाणी मोजायचं, घराघरातला कचरा तोलायचा, निसर्गाला न ओरबाडता माणसं कशी जगतात ते वहीत उतरवायचं आणि शेवटी डोंगरावर, जमिनीतून वाफा निघतात त्या धुराच्या दरीत जाऊन यायचं. गेल्या वर्षी मावशीने वजन कमी भरावं म्हणून सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या कोंबड्यांच्या खुराड्यात कोंबल्या होत्या, आठवतं ना? त्यांच्या अहवालात छापून आलं की मोर्न ग्रीत प्लास्टिक जवळजवळ नाहीच. यंदाही लपवणार म्हणते. गावाचं झालेलं नाव मी घालवू का, म्हणते.

पावेंना मागे टाकलं याचं वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. चाळीस वर्षं ते पुढे चालले. पण बाईंनीच कळवलं होतं की नीट इंग्रजी बोलणारा, प्रशिक्षणाचा दाखला असलेला माणूस पुढे द्या. पावेंचं इंग्रजी तुला ठाऊक आहे, अर्धं क्रेओल आणि अर्धे हातवारे. मी सांगायला गेलो तेव्हा ते काठी तासत बसले होते. एवढंच म्हणाले की मागे चालणाऱ्याला माणसं मोजावी लागतात, ते काही कमी काम नाही. मग मला कोकोचा चहा प्यायला लावला, जायफळ घालून.

हे पत्र बाजारवाल्या क्लोटिल्डाबाईंच्या दाशीनच्या कंदांच्या पोत्यांबरोबर बोटीने ग्वादलूपला येईल. तुझ्या वृद्धाश्रमात ड्युटीवर फोन घेऊ देत नाहीत, आणि घरी आलीस की तू फोन कानाशी धरूनच घोरतेस. तेव्हा आपला कागदच बरा.

लोभ आहेच, प्रमुख वाटाड्यावर थोडा वाढव.
तुझा,
लेनॉक्स


प्वांत-आ-पीत्र, ग्वादलूप
दि. १८ जानेवारी २०१४

चि. लेनॉक्स यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, पोत्याची माती लागून. इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवलं. नव्वदीच्या लुसेतबाईंनी विचारलं की प्रमुख वाटाड्याचं लग्न ठरलंय का, नसेल तर त्यांचा होकार समज.

आता चेष्टा पुरे. बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. मी इथे नोकरीला आले ती पावेंच्या भरवशावर. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये तुला हातावर घेणारे ते, आणि पुढे तुला खाऊपिऊ घालून, बोट धरून डोंगर शिकवणारेही तेच. नाव कोणाचंही वर असो, दरीत गेल्यावर त्यांचं ऐकायचं. तुला कोणी वाहवा म्हटलं की तू चार पावलं जास्त चालतोस, हे मी तू चालायला शिकलास तेव्हापासून पाहते आहे.

मुलांना चांगलं खाऊ घाला. आणि मावशीला सांग, पिशव्या खुराड्यात नको, कोंबड्या मरतील.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
ताई


मोर्न ग्री
दि. ४ फेब्रुवारी २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

क्लोटिल्डाबाईंकडून तुला कळलंच असेल. धुराच्या दरीत अपघात झाला. मॅरेन नावाची एक मुलगी, वीस वर्षांची, मावशीकडेच उतरली होती. जमिनीचा वरचा थर फुटून तिचा पाय घोट्याच्या वरपर्यंत उकळत्या चिखलात गेला. मी तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. साडेतीन तास लागले. रोझोच्या इस्पितळात दोन दिवस होती, मग विमानाने तिला घरी नेलं. बाकीची मुलंही त्याच आठवड्यात गेली. जाताना सगळ्यांनी सह्या करून मला एक कार्ड दिलं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला.

समितीची बैठक झाली. कसं झालं ते विचारलं. मुलं वाट सोडून खाली उतरली असं ठरलं. मागच्या बाजूला ते झालं. मागे पावें होते. वय झालंय त्यांचं, अडुसष्ट पूर्ण. नजरही पूर्वीसारखी राहिलेली नाही असं समितीचं म्हणणं पडलं. त्यांचा वाटाड्याचा बिल्ला काढून घेतला आहे. त्यांनी हरकत घेतली नाही.

तू काळजी करू नकोस. मी बरा आहे. पाठ थोडी दुखते.

लोभ असावा.
लेनॉक्स


प्वांत-आ-पीत्र
दि. ११ फेब्रुवारी २०१४

चि. लेनॉक्स यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हातातलं काम सुटलं. भाजलेले पाय मी रोज पाहते रे. तिथली कातडी सहजासहजी येत नाही. त्या पोरीच्या आईचा विचार मनातून जात नाही. तू तिला पाठीवर आणलंस, आईबाबा असते तर त्यांना किती अभिमान वाटला असता!

पावेंचा मला इतका राग आला की मी लगेच त्यांना पत्र लिहिलं. आजवर वडिलांसारखं मानलं, पण या वेळी काही हातचं राखलं नाही. दिसत नव्हतं तर घरी बसायचं होतं, लोकांच्या लेकरांच्या पायांशी खेळ कशाला, असं स्पष्ट लिहिलं. मावशी त्यांना वाचून दाखवेल. लिहून झाल्यावर रडले, पण पाठवलं.

तू जेवत जा. पाठीला गरम पाण्याने शेक.

तुझी,
ताई


मोर्न ग्री
दि. १९ फेब्रुवारी २०१४

चि. युफेमी हिस,
अँसेल्म पावेंचा आशीर्वाद. लिहिणार व्हर्नीस.

तुझं पत्र व्हर्नीसने दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा तिने मधल्या काही ओळी गाळल्या होत्या. मला ते कळलं, तिचा श्वास अडखळला म्हणून. मी म्हटलं, पूर्ण वाच. तू लिहिलंस त्याचा मला राग नाही. जे तुला सांगितलं गेलं त्यावर दुसरं काय लिहिणार?

तू आजाऱ्यांमध्ये काम करतेस म्हणून एक विचारायचं आहे. त्या मुलीच्या पायाला कातडी कधी येईल? चालताना लंगडेल का? मी तिचं ओरडणं ऐकलं ते पहिल्या खांडावरून, दरीच्या अलीकडच्या खिंडीतून. तिथे मी आणि तो गुडघा सुजलेला मुलगा बसलो होतो, त्याला लेनॉक्सने माझ्याबरोबर मागेच ठेवलं होतं. तिथून दरीत पोचायला मला पाऊण तास लागला. तोवर लेनॉक्सने तिला ओढ्याच्या गार पाण्यात धरून ठेवलं होतं, ते त्याने बरोबर केलं. पण ओरडणं अजून कानात आहे. म्हणून विचारतो.

इकडे सगळं ठीक. मी रस्त्याकडेचं गवत कापायला जातो. वेळ जातो.

कुशल कळवत जा. माझी माया काही एका पत्राने जायची नाही.
अँसेल्म
(+ ही त्यांची खूण. युफेमी, मला यात काही म्हणायचं नाही, पण तू पत्र नीट वाच. व्हर्नीस.)


प्वांत-आ-पीत्र
दि. २६ फेब्रुवारी २०१४

लेनॉक्स,

एकच विचारते. पावें पहिल्या खांडावर होते, तर दरीत मागे कोण होतं?

युफेमी


मोर्न ग्री
दि. ६ मार्च २०१४

ती. ताईस,
नमस्कार लिहितो, पण तो तू घेशील की नाही माहीत नाही.

आठ दिवस झाले तुझ्या पत्राला. मध्ये कार्निव्हल होता. गावच्या पथकाने मला झेंडा देऊन पुढे नाचायला लावलं, पोरीला पाठीवर आणणारा म्हणून. रोझोच्या रस्त्यात लोक नाव घेऊन ओरडत होते. मी नाचलो, ताई. मुखवटा लावला असता तर बरं झालं असतं. काल राखेचा बुधवार होता. फादरनी कपाळाला राख लावली आणि मी चर्चमधून बाहेर पडून थेट घरी आलो. आता लिहितो.

त्या दिवशी सकाळी निघण्याआधी पावेंनी मला बाजूला घेतलं होतं. आदल्या आठवड्यात दोनदा जमीन हलली होती आणि वर पाऊसही झाला होता. म्हणाले की कालच जाऊन आलोय, खालची जमीन पोकळ वाजते, या वेळी वरच्या कडेनेच ने, कोणाला खाली उतरवू नकोस. मी हो हो म्हटलं. माझं लक्ष पाठीवरच्या पिशव्या मोजण्यात होतं.

पहिल्या खांडावर त्या मुलाचा गुडघा सुजला. मीच पावेंना सांगितलं की तुम्ही याच्याजवळ थांबा. नियम असा की शेवटचा माणूस नसेल तर पुढच्याने दरीत शिरायचं नाही. ते मला बोललेही की आपण सगळेच थांबू. मी म्हटलं, पावें, उशीर होईल, प्रमुख मी आहे ना. हे मी इंग्रजीत म्हटलं, मुलांना ऐकू जावं म्हणून.

वर कडेला सगळे जेवायला बसले. हॉलवर्थबाईंना चढ झेपेना म्हणून त्या गावातच राहिल्या होत्या. मॅरेन आणि आणखी तिघींना वाफेचं तापमान मोजायचं होतं, त्यांच्या वहीतला तेवढा एक रकाना रिकामा होता. मॅरेनने मला सरळ विचारलं की खाली जाणं सुरक्षित आहे का, नसेल तर राहू दे, आम्ही रकाना कोरा सोडू. तिने असं विचारलं होतं, ताई. आणि मी हसून म्हटलं की या जमिनीवर मी लहानाचा मोठा झालोय, मी पाय ठेवतो तिथे पाय ठेवत या. मी पुढे गेलो. थराने मला पेललं. माझ्या मागे तीच होती.

बैठकीत काय झालं ते आता. मुलं विमानात बसली होती. टेबलावर तोच फळ्यावरचा कागद होता. समितीतले एकजण म्हणाले की म्हातारा मागे होता, त्याच्या डोळ्यांदेखत मुली खाली उतरल्या असणार. माझ्याकडे बघून म्हणाले, असंच ना? मी मान हलवली. पहिल्यांदा फक्त मानच हलवली. मग लिहून घ्यायचं म्हणून त्यांनी मला बोलायला लावलं, आणि मग मी तोंडाने सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर सोपं गेलं, हेच मला सहन होत नाही. नजरेचं मी सांगितलं. समितीचं म्हणणं वगैरे काही नाही, ते माझं होतं.

पावेंना आत बोलावलं. टोपी हातात घेऊन उभे राहिले. विचारलं की तुम्ही मागे होतात का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. मग ते म्हणाले, कागदावर तसं लिहिलं आहे. आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

अजून एक आहे. समितीने विद्यापीठाला जे कळवलं त्यात लिहिलंय की मुलगी सूचना न मानता वाट सोडून गेली. म्हणजे तिच्यावरही आलं. विचारून गेलेल्या मुलीवर.

ते कार्ड भिंतीवरून काढलं आहे. फाडायचा धीर होत नाही आणि ठेवायचाही नाही.

लोभ मागण्याचं तोंड नाही.
लेनॉक्स


प्वांत-आ-पीत्र
दि. १२ मार्च २०१४

लेनॉक्स,

तुझं पत्र आलं. मला तुझी लाज वाटते. हे लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगायची वेळ आली तर मी मवाळ होईन.

पण त्याहून जास्त मला माझी वाटते. ज्या माणसाने माझ्या भावाला वाढवलं, त्याला मी एका अर्धवट कागदावर विश्वास ठेवून दिसत नाही तर घरी बसा असं लिहिलं. आणि त्याने उत्तरात काय विचारलं, तर मुलीला कातडी कधी येईल. लुसेतबाईंनी विचारलं की प्रमुख वाटाड्याचं काय झालं. मी म्हटलं, आजारी आहे.

तुला काय करायचं ते सांगायला मी तिथे येणार नाही. सहा वर्षांचा होतास तेव्हा सांगत होते. समितीपुढे जायचं ते कोणी बरोबर न घेता जा. त्या मुलीला तू स्वतः लिही, माफीच्या ओळी कमी आणि काय घडलं ते जास्त. विद्यापीठाला समिती कळवेल असं समजून गप्प बसू नकोस.

मी पावेंना लिहिलं आहे. या वेळी तीनच ओळी. यापेक्षा जास्त लिहायचा हक्क मला राहिला नाही.

ताई


मोर्न ग्री
दि. २७ मार्च २०१४

ती. ताईस,
नमस्कार.

सांगून आलो. समितीपुढे, गेल्या आठवड्यात सोमवारी. बोलायला पाच मिनिटं लागली असतील. जे मला असंच ना म्हणाले होते, तेच सर्वांत जास्त चिडले. माझा बिल्ला दोन वर्षांसाठी गेला. विद्यापीठाला त्यांनी दुरुस्तीचं पत्र पाठवलं, आणि मीही वेगळं पाठवलं.

मॅरेनचं उत्तर ईमेलने आलं. पायावर मांडीची कातडी लावली आहे, कुबडी घेऊन चालते. तिने लिहिलंय की तिला कॉलेजात बोलावून समज दिली होती. सगळे इतके ठामपणे सांगत होते की तिलाही वाटू लागलं होतं, आपणच न विचारता उतरलो असू, भाजल्यामुळे आपली आठवण बिघडली असेल. आईलाही तिने तसंच सांगून टाकलं होतं. खाली नुसतं नाव लिहिलंय. माफ केलं असं काही लिहिलेलं नाही.

गावात आता लोक माझ्याशी बोलतात, पण दुकानात मी शिरलो की बोलणं थांबतं. व्हर्नीसमावशीने पहिल्या दिवशी माझ्यावर इतकं तोंडसुख घेतलं की शेजारी बाहेर आले. वर म्हणाली, मी पिशव्या लपवते म्हणून सगळ्यांपुढे मला शहाणपण शिकवत होतास ना!

पावेंकडे रोज सकाळी जातो. ते दार उघडतात, मला बघतात आणि गवत कापायला निघून जातात. काल म्हणाले, रोज येऊ नकोस, मला कामावर जायला उशीर होतो. आज गेलो नाही. दरीच्या वाटेवरच्या पायऱ्या पावसाने वाहून गेल्यात, त्या कोयता आणि फावडं घेऊन बांधत बसलो. कोणी सांगितलेलं नाही. घरात बसवत नाही म्हणून.

लेनॉक्स


मोर्न ग्री
दि. २५ एप्रिल २०१४

चि. युफेमी हिस,
अँसेल्म पावेंचा आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? हो, लेनॉक्सच लिहितो आहे. मीच बोलावलं. व्हर्नीस मी सांगितलेलं गोड करून लिहिते.

ईस्टर झाला. तुझ्या तीन ओळी मला मिळाल्या आणि त्या मी जपून ठेवल्या आहेत. त्याबद्दल पुन्हा काही लिहू नकोस. माझा बिल्ला समितीने परत दिला. ते घरी घेऊन आले होते, मी म्हटलं टेबलावर घेतला होता, टेबलावरच द्या. म्हणून त्यांना परत जावं लागलं आणि मग मी गेलो. एवढी चैन केली.

मी रागावलो होतो. हे लिही म्हटलं तर हा थांबला. मी म्हटलं, थांबू नकोस, लिही. लेनॉक्स खोटं बोलला. स्वतःच्या हाताने लिही. आणि इंग्रजीतून मला जे म्हणाला तेही लिही. प्रमुख मी आहे ना. लिहिलं त्याने. मध्येच त्याची पेन्सिल मोडली, दुसरी आणून लिहितो आहे.

आता माझं. गावात सगळे म्हणतात की मुलाला वाचवायला म्हातारा गप्प बसला. परवा फादरही चर्चमध्ये तसंच काहीसं बोलले, लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होतो. कारण ते खरं नाही. मी त्याला वाचवायला गप्प बसलो नाही. मी वाढवलेला पोरगा काय करतो ते मला बघायचं होतं. मी वाट बघत उभा राहिलो आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि मी स्वतःशी म्हटलं, बघ, हा असा निघाला. त्यात मला एक प्रकारचं समाधान वाटलं, बाई. नाव माझ्या वर लागलं होतं त्याचं. आणि माझं हे बघणं चालू असताना तिकडे त्या मुलीला बोलावून समज दिली गेली. मी एक वाक्य बोललो असतो तर ते टळलं असतं. मला ठाऊक होतं की मी मागे नव्हतो. खोटं बोललो नाही एवढंच, पण मला लाज वाटायची ती वाटतेच.

हे ऐकून त्याने मान वर केली आहे. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, लिही.

माफ केलं का, असं तू विचारशील. अजून नाही. जेव्हा होईल तेव्हा मला कळेल. आज शुक्रवार, मासळी आणली आहे, आणि तो इथे जेवणार आहे कारण दुपार झाली. त्याहून जास्त अर्थ त्याने काढू नये, आणि तूही काढू नकोस.

मला वाचता येत नाही. मी बोललो त्यातलं त्याने काय लिहिलं आणि काय गाळलं, ते मला कधी कळायचं नाही. हे मला माहीत होतं, तरीही त्यालाच बोलावलं.

तुझी माया लांबून का होईना, पोचत राहो.
अँसेल्म
(+)

ताई, पावेंनी सांगितलं ते सगळं सांगितलं तसंच लिहिलं आहे. एक शब्द गाळलेला नाही. लेनॉक्स.